आतल्या खोलीतल्या मंगलाबाई

१

सकाळची गडबड एकदा जिना उतरून गेली, की हैदराबादेत बरकतपुऱ्यातला तो फ्लॅट मंगलाबाईंच्या ताब्यात येत असे. ताब्यात म्हणजे काय, तर त्या आतल्या खोलीत जाऊन पडत. मुलगा श्रीकांत माधापूरकडे खडक फोडून नव्यानं उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत काँप्युटरवर काम करायला जाई. सून ज्योती हिमायतनगरला काँप्युटरच्याच क्लासमध्ये शिकवी. नात सायली शाळेतून परस्पर नाचाच्या क्लासला जाऊन संध्याकाळी आईबरोबर परत येई. काँप्युटरशी काही देणंघेणं नसलेलं माणूस घरात एकच होतं आणि ते घर राखायला असे.

आतली खोली स्वयंपाकघराच्या मागे होती. खिडकीत कूलर बसवलेला, त्यामुळे खिडकी अशी उरलेलीच नव्हती. श्रीकांतनं गॅलरीची मोठी खोली देऊ केली होती, पण मंगलाबाईंनी हीच मागून घेतली. मला कशाला मोठी खोली, म्हणाल्या. लोक मानानं वर सरकतात, या हौसेनं खाली सरकल्या होत्या.

एके काळी बाई अशा नव्हत्या. पुण्याला टेलिफोन खात्यात त्या ट्रंक ऑपरेटर होत्या. लांबच्या लांब बोर्ड, समोर वायरींचं जंजाळ, कानाला हेडफोन. सांगलीचा व्यापारी, मुंबईचा वकील, नागपूरची बाळंतीण, सगळे यांच्या हातातून एकमेकांना भेटायचे. बड्या बड्या माणसांना त्या 'थांबा जरा' म्हणत आणि ती माणसं थांबत. मग नंबर फिरवला की थेट लागायला लागला. कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले आणि त्या मोठ्या हॉलमधले बोर्ड एकेक करून झाकले गेले. शेवटची काही वर्षं मंगलाबाईंनी चौकशीच्या खिडकीत काढली, जिथे कुणी चौकशीला येत नसे. मग निवृत्ती, मग नवऱ्याचं जाणं, मग हैदराबाद.

इथे आल्यावर सुरुवातीला त्या पेपर वाचत. मग नुसते मथळे वाचू लागल्या. मग घडी न मोडता पेपर रद्दीवर जाऊ लागला. केस विंचरायचे राहू लागले. सायलीला मराठी वाचायला शिकवणार होत्या, तेही उद्यावर गेलं आणि तिथेच बसलं. नल्लकुंट्याच्या डॉक्टरांनी वयाप्रमाणे होतं असं सांगून टॉनिक लिहून दिलं. मंगलाबाई दुःखी होत्या असंही म्हणता येणार नाही. दुःख करायलासुद्धा आपण कुणीतरी आहोत असं वाटावं लागतं.

ज्योती रोज दुपारी क्लासमधून फोन करी. जेवलात का, जेवले. औषध, घेतलं. बरं, ठेवते. या फोनची मंगलाबाईंना सकाळपासून धास्ती वाटे. हॉलपर्यंत चालत जायचं, आवाजात जीव आणायचा आणि सुनेला कळू द्यायचं नाही की आणलाय.

त्या दिवशी त्यांना फोन ऐकूच आला नाही. डोळा लागला असावा. संध्याकाळी ज्योती आली ती हसतच.

"काय आई, आज मूड होता अगदी," ती चपला काढताना म्हणाली. "किती दिवसांनी अशा बोललात. आमच्या क्लासमधल्या मुली विचारत होत्या, कुणाशी हसतेयस म्हणून."

मंगलाबाई काहीतरी बोलणार होत्या. पण सून इतकी खुशीत होती की त्या नुसत्या हसल्या आणि आत गेल्या.

२

विसरलो असू, असं त्यांनी स्वतःला समजावलं. वय झालं की होतं असं. झोपेत उठलो असू, बोललो असू, परत येऊन पडलो असू.

दुसऱ्या दिवशी त्या मुद्दाम फोनशेजारच्या खुर्चीत जाऊन बसल्या. फोन वाजला, त्यांनी उचलला. जेवलात का, जेवले. ज्योती थोडी थांबली. कालच्यासारखं काहीतरी पुढे येईल अशी वाट पाहत असावी. ते आलं नाही, तेव्हा बरं म्हणून तिनं ठेवून दिला. त्या एका 'बरं'मध्ये मंगलाबाईंना जे ऐकू आलं, ते ऐकायला खात्याचा कान लागत नव्हता.

त्यानंतरच्या दुपारी त्या आपल्या खोलीतच राहिल्या. मनाशी म्हणाल्या, वाजू दे. नाही उचलला तर म्हणेल झोपल्या असतील.

फोन वाजला, पुन्हा वाजला आणि मध्येच थांबला. कुणी कंटाळून ठेवला की रिंग एका पद्धतीनं थांबते आणि कुणी उचलला की दुसऱ्या. यातला फरक मंगलाबाईंना झोपेतही कळला असता. कूलरची घरघर चालू होती. वाळ्याच्या ओल्या वासात त्या ताठ पडून राहिल्या. त्या घरघरीच्या खालून कुणीतरी बोलत असल्याचं जाणवत होतं. शब्द लागत नव्हते, फक्त चढउतार. मध्ये हसू. बायकी, मोकळं.

शेजारचा टीव्ही असेल. भिंती पातळ आहेत. आणि कूलरच्या आवाजात माणसाला काय वाटेल ते ऐकू येतं, हे काय त्यांना माहीत नव्हतं? रिकाम्या लाइनवरच्या खरखरीत नव्या मुलींना माणसं बोलताना ऐकू येत, तेव्हा याच त्यांना समजावत.

उठून पाहायला दहा पावलंही नव्हती. त्या उठल्या नाहीत. भीती वाटली हे खरंच, पण नुसती भीती असती तर माणूस उठतो. त्यांना बरं वाटलं होतं. आजचा फोन झाला होता आणि तो त्यांना करावा लागला नव्हता.

मग तेच होत गेलं. फोन वाजे आणि थांबे. कधी संध्याकाळी घरात आमटीचा वास येई आणि ज्योती वाटीला बोट लावून म्हणे, आई, आज हात लागला तुमचा. ओट्यावर पुसल्याचा ओला पट्टा असे. मंगलाबाईंनी त्या ओट्याला कित्येक दिवसांत हात लावलेला नव्हता.

३

चैत्रगौरीचं हळदीकुंकू ज्योतीनं हौसेनं ठरवलं. सुलतान बाजारातून बांगड्या आणल्या, कैऱ्या किसल्या, हरभरे भिजत घातले. आदल्या दिवशी ती मंगलाबाईंच्या पलंगावर येऊन बसली.

"आई, तुम्ही बाहेर बसायचं. आजकाल कुणी मानत नाही हो असलं काही. मी तर तुम्हालाही कुंकू लावणार."

"नको गं," मंगलाबाई म्हणाल्या. "चार बायका येणार. उगाच कुणाच्या मनात काही नको."

"कुणाच्या मनात काही नसतं. तुमच्याच मनात आहे."

ते खरं होतं. नवरा गेला तेव्हा कुंकू पुसायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी आपणच पुसलं, जशी मोठी खोली नाकारून लहान आपणच मागून घेतली. दुसऱ्या दिवशी बायकांची पहिली बेल वाजली, तशा त्या आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. भर उन्हाळ्याची संध्याकाळ. कूलर मुद्दाम हळू ठेवला, कुणाला आवाजाचा त्रास नको म्हणून.

हॉलमध्ये बांगड्या किणकिणत होत्या. पन्ह्याचे पेले, आंबेडाळीचं कौतुक, कुणाच्या मुलाला अमेरिकेचा व्हिसा. मंगलाबाई भिंतीकडे तोंड करून ऐकत होत्या. आणि मग बाहेर एक वयस्कर बाई गोष्ट सांगू लागली.

"आमच्या वेळी ट्रंककॉलला लाइन कशी असायची म्हणता? एकाचं दुसऱ्याला ऐकू जायचं नाही, मधे आम्ही. एकदा एक नवरा-बायको भांडत होते. हा पुण्यात, ती माहेरी मिरजेला. तो म्हणे तिला सांगा, तुझंच चुकलं. ती म्हणे त्याला सांगा, आधी आईला विचार. मी आपली इकडचं तिकडे करतेय. शेवटी ती गप्पच झाली. नुसती रडत होती. तो विचारतोय, काय म्हणतेय ती? मी म्हटलं, न्यायला या म्हणतायत."

बायका हसल्या. मंगलाबाईंनी भिंतीकडचं तोंड दाराकडे वळवलं.

ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितलेली नव्हती. ऑपरेटरनं लाइनवरचं बोलणं बदलणं म्हणजे नोकरी जाण्यासारखा गुन्हा होता. एका नवऱ्याला तेवढी ती माहीत होती आणि तो आता नव्हता.

"मग आला का हो तो न्यायला?" बाहेर कुणीतरी विचारलं.

"आला तर. महिन्यानं दोघं पेढे घेऊन आले एक्सचेंजमध्ये."

शेवट तेवढा वेगळा होता. कुणी पेढे घेऊन आलं नव्हतं. त्या दोघांचं पुढे काय झालं हे मंगलाबाईंना कधीच कळलं नाही, आणि आपण केलं ते बरं की वाईट याचा घोर त्यांना कितीतरी वर्षं होता. बाहेरच्या बाईला तो घोर नव्हता. ती तीच गोष्ट हसत सांगत होती आणि तिच्या तोंडी ती किती छान वाटत होती.

दुसऱ्या दिवशी समोरच्या फ्लॅटमधली अलका डबा परत करायला आली. अलका मराठी, पण तीन पिढ्या काचिगुड्यातल्या.

"काकू, काय बोलता हो तुम्ही, हसून हसून परेशान झालो आम्ही," ती दारातूनच म्हणाली. "आणि बरं केलं कुंकू लावलं ते. आमच्या आईला किती बोललो, ऐकलीच नै. तुम्हाला किती शोभत होतं. आज का पुसलं?"

मंगलाबाईंनी डबा घेतला आणि दार लावलं. मोरीतल्या आरशाच्या कडेला एक टिकली चिकटवलेली होती. मोठी, तांबडीलाल, नवरा असताना त्या लावत तशी. ज्योतीच्या टिकल्या काळ्या आणि बारीक असत. नखानं काढली तेव्हा तिचा चिकटपणा ताजा होता.

४

वेड लागत असेल का, याचा विचार त्यांनी अगदी शांतपणे केला. आपणच जाऊन बसलो आणि विसरलो म्हणावं, तर आतून ऐकल्याचं कसं आठवतं? ऐकल्याचा भास झाला म्हणावं, तर अलका कुणाबद्दल बोलत होती? पुष्कळ वर्षांनी त्यांचं डोकं कामाला लागलं होतं. लाइनमध्ये दोष आहे की नाही हे कळत नसेल, तर ऑपरेटर दुसऱ्या टोकाला जाऊन बघतो.

म्हणून एका दुपारी, ज्योतीच्या फोनच्या वेळेच्या जरा आधी, त्यांनी पंखे बंद केले, दाराला कुलूप घातलं, ते दोनदा ओढून पाहिलं आणि चावी मुठीत धरून जिना उतरल्या. कोपऱ्यावरच्या बूथमध्ये पोहोचेपर्यंत उन्हानं जीव नको झाला. बूथवाला जाड भिंगांचा, पेपरात डोकं घालून बसलेला.

"कहाँ लगाना अम्मा, बाहर गाँव?"

"नाही, लोकल."

काचेच्या खोक्यात शिरून त्यांनी स्वतःच्या घरचा नंबर लावला. रिंग जाऊ लागली. रिकाम्या घरात फोन वाजतोय हे डोळ्यांपुढे आलं. हॉल, खुर्ची, फोनवरचं लोकरीचं आच्छादन. वाजू दे, त्या म्हणत होत्या, नुसता वाजू दे.

रिंग थांबली.

"हॅलो, बोला."

माणसाला सहसा स्वतःचा आवाज ओळखू येत नाही. टेपवर ऐकला तर हा मी नव्हे असं वाटतं. पण ज्यांनी अर्धं आयुष्य कानाला हेडफोन लावून काढलं, त्यांना बोलताना आपलाच आवाज कानात परत येत असतो. मंगलाबाईंना तो ओळखायला क्षणही लागला नाही. हल्लीचा घशात अडकलेला नव्हे. बोर्डवरचा. टवटवीत, किंचित हुकमी, समोरच्याला बरं वाटावं असा.

क्रॉस कनेक्शन असेल, त्यांनी स्वतःला बजावलं.

"मंगलाबाई आहेत का?"

"मीच बोलतेय. आपण कोण?"

या प्रश्नाला उत्तर द्यायला मंगलाबाईंनी तोंड उघडलं. नाव तर त्या बाईनं आधीच सांगून टाकलं होतं. दुसरं काय सांगायचं ते त्यांना सुचलं नाही.

"आवाज येत नाहीये तुमचा," पलीकडून आवाज आला. त्यात राग नव्हता, उलट माया होती, आणि तेच सगळ्यात भयंकर होतं. "ठेवते हं मी. सुनेचा फोन येईल एवढ्यात."

"क्या हुआ अम्मा, लगा नै?" बूथवाल्यानं भिंगांवरून पाहिलं.

"लगा," मंगलाबाई म्हणाल्या.

घरी आल्या तेव्हा कुलूप जसंच्या तसं होतं. आत कुणी नव्हतं. हॉलमधला पंखा मात्र फिरत होता.

५

रविवारी श्रीकांत त्यांच्या खोलीत आला, तेव्हा त्यांनी विचारलं.

"श्री, दुपारी घरात कोण असतं रे?"

"कोण म्हणजे? तू असतेस की." तो हसला आणि पलंगाच्या कडेला टेकला. ऑफिसच्या दगदगीनं मुलगा थकला होता, केस पिकायला लागले होते. "आई, तुला सांगायचं राहिलंच. मागच्या महिन्यात आम्ही दोघं घाबरलो होतो गं. तू बोलत नव्हतीस, खात नव्हतीस. ज्योतीनं कुणाकुणाला विचारून मनाच्या डॉक्टरांची वेळसुद्धा घेतली होती. तुला कसं सांगायचं, तेच आम्हाला कळेना."

"मग?"

"मग तूच सावरलीस. हळदीकुंकवाला तर काय, ज्योती म्हणाली, आई पूर्वीसारख्या झाल्या. मग रद्द केली ती वेळ."

मी सावरले नाही, असं मंगलाबाईंना म्हणायचं होतं. मी तिथे बसलेच नव्हते. ती वेळ परत घे, मला घेऊन चल, मला फार भीती वाटते आहे. एवढी तीन-चार वाक्यं होती. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं त्यांनी लांबच्या लांब पोचवली होती. पण श्रीकांतच्या कपाळावरची आठी किती दिवसांनी गेली होती आणि ती परत आणणारं माणूस आपण व्हायचं, हे त्यांच्यानं झालं नाही.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या.

"बाहेर बस ना जरा. आत काय करतेस अंधारात?"

"येते," असं म्हणून त्या तशाच बसून राहिल्या. तो गेला.

६

तरी पुढच्या आठवड्यात एके दिवशी उतरत्या दुपारी त्यांनी मनाचा हिय्या केला. डोक्यावरून न्हाल्या. कोरं पातळ नेसल्या, केसांचा गुंता सोडवून अंबाडा घातला. आरशात पाहिलं, तर माणूस दिसत होतं. ठरवलं ते असं, की आज सगळे येतील तेव्हा आपण हॉलमध्ये बसलेल्या असायचं. दार आपण उघडायचं. सायलीला जवळ घ्यायचं आणि श्रीला ते सगळं सांगून टाकायचं.

पण न्हाण्यानं थकवा आला. जरा पाठ टेकावी म्हणून पलंगावर बसल्या आणि तेवढ्यात बेल वाजली. त्या उठल्या, गुडघा धरून खोलीच्या दारापाशी पोचल्या, तर बाहेर कडी निघाल्याचा आवाज आला.

"या गं," हॉलमध्ये कुणीतरी म्हणालं. "किती घामेजलीयेस. पन्हं देऊ?"

पाठोपाठ सायलीची धावती पावलं, ज्योतीची पर्स ठेवल्याचा आवाज, आणि आज लवकर आलेल्या श्रीकांतचं बोलणं. कुणालाही काही चुकल्यासारखं वाटलं नाही. मंगलाबाईंनी दार बोटभर उघडलं. स्वयंपाकघर ओलांडून हॉलचा एक तुकडा दिसत होता. त्या तुकड्यात फोनशेजारची खुर्ची आणि खुर्चीत पाठमोरी एक बाई. ताठ पाठ, घट्ट अंबाडा, मानेवर पावडरचा पुसट पांढरा लेप. तिच्या मांडीला टेकून सायली बालभारतीतला धडा वाचत होती. अडखळली की ती बाई बोट ठेवून थांबत होती, शब्द सांगत नव्हती. मुलीला आपलं आपण सुचू देत होती. मंगलाबाईंनी तसंच शिकवायचं ठरवलं होतं.

श्रीकांत समोर बसून दोघींकडे बघत होता. आपल्या मुलाचा असा चेहरा त्यांनी नवरा गेल्यापासून पाहिला नव्हता.

"आई, आतला कूलर चालू राहिला वाटतं," ज्योती म्हणाली.

"बघते मी."

खुर्ची सरकली. ती बाई उठली आणि वळली, तशा मंगलाबाई दारामागे झाल्या. त्यांना कपाळावरचं तांबडं कुंकू तेवढं ओझरतं दिसलं. पावलं स्वयंपाकघरात आली. उजव्या गुडघ्याला जपणारी, सावकाश. घाबरवायला येणाऱ्या माणसाची ती नव्हती, आपल्याच घरात एखादं दिवाबत्तीचं काम उरकायला निघालेल्या बाईची होती.

दार सताड उघडून उभं राहायला हीच वेळ होती. हॉलमधून दोघी एकदम दिसल्या असत्या. मग कुणी काही विसरलं म्हणता आलं नसतं, कुणाला भास झाला म्हणता आलं नसतं. घरातल्यांना दोघींकडे बघावं लागलं असतं आणि त्यांतली एक आपली म्हणावी लागली असती. कोणती, याबद्दल मंगलाबाईंच्या मनात जराही शंका नव्हती. त्यांनी तिघांच्या जागी उभं राहून पाहिलं आणि त्यांचंही मत तेच पडलं.

पावलं दाराबाहेर थांबली. मंगलाबाईंनी आतून कडी घातली, हळूच, ती वाजू नये म्हणून पदरात धरून. मग हात लांबवून कूलरचं बटण बंद केलं.

"झाला बंद," बाहेरची बाई परत जाता जाता म्हणाली.

घरघर थांबल्यावर हॉलमधलं अक्षर न् अक्षर ऐकू येऊ लागलं. बाहेरचं आत येतं म्हणजे आतलंही बाहेर जात असणार. मंगलाबाई दाराला पाठ लावून खाली बसल्या आणि श्वाससुद्धा आवाज न करता घेऊ लागल्या.